राखणदार कोण?

प्रस्तावना

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनबद्दल एक निकाल दिला. खंडपीठाची इमारत सिव्हिल लाइन्समध्ये, सदर या आमच्या भागातून चालत जाता येईल इतकी जवळ. प्रकरण मात्र गोंदिया जिल्ह्यातलं. ग्रुपमधल्या एका सदस्याने त्याच ग्रुपमधल्या एका महिलेबद्दल घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरसुद्धा गुन्हा दाखल झाला होता. न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी तो रद्द केला. ॲडमिनच्या हातात काय, तर माणसं घेणं आणि माणसं काढणं. मजकूर ग्रुपवर पडण्याआधी तो अडवायची सोय त्याच्यापाशी नाही. संगनमत दिसत नसेल तर दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दांसाठी त्याला आरोपी कसं करणार?

कायद्याच्या अंगाने निकाल बरोबरच होता. पण तो वाचताना त्या महिलेचा विचार मनातून जात नाही. ॲडमिनकडे सोय नव्हती, मान्य. तिच्याकडे कोणती होती? ग्रुप सोडण्याची. तो सोडला की तशी ओळ सगळ्यांना दिसायची, आणि 'का सोडला असेल बरं?' यावर मागे चर्चा रंगायची. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने गाजावाजा न करता बाहेर पडण्याची सोय जाहीर केली. त्याच सुमारास ॲडमिनला ग्रुपमधला कोणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसण्याचा अधिकार मिळाला. न्यायालयाने ज्या हतबलतेची नोंद घेतली, तिचा निम्मा भाग दीड वर्षात एका अपडेटने नाहीसा केला. कायदा तोच होता, गोंदियातली माणसं तीच होती, फक्त एक बटण आलं. आणि ते २०१६ मध्ये, म्हणजे गुन्हा दाखल झाला तेव्हा, का नव्हतं याचं उत्तर आपल्याला कोणी देणं लागत नाही. कंपनी तिकडे, कोड बंद, आपण गिऱ्हाईक. तेही फुकटातलं.

या पुस्तिकेचा विषय तसं बटण हाच आहे. ते कोण बनवतं, बनवताना कोणाला विचारतं, आणि जिथे कोड खुला आहे, म्हणजे कोणीही वाचावा, बदलावा, स्वतः चालवावा अशी मोकळीक आहे, तिथे तरी आपल्यातलं कोणी त्या बैठकीत असतं का? सदरमध्ये संध्याकाळी जमणाऱ्या काही जणांनी हे लेख लिहिलेत. त्यांत प्रोग्रामर दोनच. बाकी एक वकील, एक परिचारिका, कॉलेजात शिकवणारी एक बाई आणि मोबाइलच्या दुकानात बसणारा एक मुलगा. संगणकशास्त्राच्या पुस्तकासाठी ही मंडळी विचित्र वाटतील. माझ्या मते या विषयाला तीच लायक आहेत.

आता थोडी पार्श्वभूमी. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद झालं. कारण होतं एक जुनं छायाचित्र: १९३६ सालचं हॅम्बर्ग, गर्दीतले सगळे हात नाझी सलामीत वर आणि ऑगस्ट लँडमेसर नावाचा एकच माणूस हाताची घडी घालून उभा. कंपनीच्या यंत्रणेला त्यात द्वेष दिसला. अकाउंट परत मिळालं आणि गोरख पांडे यांच्या कवितेवरून पुन्हा गेलं. त्याच दिवसांत पत्रकार-प्राध्यापक दिलीप मंडल यांच्या अकाउंटवर निर्बंध आले. ट्विटरची निळी खूण कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, यात जात आहे असा आरोप करत दलित-बहुजन तरुणांनी हॅशटॅगची रांग लावली. आम्ही निःपक्ष आहोत, असं कंपनीचं म्हणणं. नोव्हेंबरात यातले बरेच जण मॅस्टोडॉन नावाच्या एका अनोळखी ठिकाणी गेले. हत्तीच्या त्या चिन्हावरून तेव्हा भरपूर विनोद झाले. निळा झेंडा आणि हत्ती एकत्र दिसले की आपल्याकडे माणसं वेगळाच अर्थ काढणार, हे त्या बिचाऱ्या जर्मन मुलाला कुठून ठाऊक असणार?

जर्मन मुलगा म्हणजे ऑयगेन रोश्को. त्याने २०१६ मध्ये मॅस्टोडॉन लोकांसमोर आणलं. त्याची रचना अशी की एकच मोठा मालक नाही. कोणीही आपला सर्व्हर उभा करावा, आपले नियम लावावेत. एका सर्व्हरवरची व्यक्ती दुसऱ्या सर्व्हरवरच्या व्यक्तीला फॉलो करू शकते, कारण सगळे ॲक्टिव्हिटीपब नावाची एकच बोली बोलतात. जानेवारी २०१८ मध्ये तिला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मान्यता मिळाली.

इथे नागपूरकराला शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. जानेवारी १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' काढलं, तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. त्याच वर्षी ३० मेपासून कस्तुरचंद पार्कात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष राजर्षी शाहू महाराज. कस्तुरचंद पार्क म्हणजे सदरच्या उड्डाणपुलावरून खाली उतरलं की समोर दिसणारं मैदान. दुसऱ्याच्या छापखान्यात जागा मिळत नाही म्हणून आपलं पत्र काढायचं, दुसऱ्याच्या मांडवात जागा नाही म्हणून आपला मांडव घालायचा, हे या गावाला नवं नाही. पण मांडव आपला झाला म्हणून त्यात टवाळखोर शिरत नाही असं थोडंच आहे? मांडव घातला की दारावर माणसं उभी करावी लागतात. मॅस्टोडॉनवर २०१९ मध्ये गेलेले बहुतेक जण काही आठवड्यांत परतले, त्याचं एक कारण हेही असावं: दार उघडं होतं, पण दारावर आपली भाषा कळणारं कोणी नव्हतं.

मॅस्टोडॉनच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे मोठ्या संख्येने आले ते समलिंगी आणि ट्रान्स लोक. इतरत्र छळ सोसून आलेले. त्यांनी सॉफ्टवेअरला वळण दिलं. पोस्टवर आधी इशारा लावून मजकूर झाकता येणं, प्रत्येक पोस्ट कोणाला दिसावी हे त्या-त्या वेळी ठरवता येणं, या गोष्टी तिथे मुरल्या. आणखी महत्त्वाचं म्हणजे काही सोयी मुद्दाम दिल्या गेल्या नाहीत. कोणाचीही पोस्ट उचलून वर आपली टिप्पणी चिकटवायची, जी ट्विटरवर झुंड जमवण्याची हमखास रीत होती, ती तिथे अनेक वर्षं नव्हती. अखेर २०२५ मध्ये ती सोय आली, पण आपली पोस्ट कोणी उचलावी हे मूळ लिहिणाऱ्याने ठरवायचं आणि नंतर परवानगी काढूनही घ्यायची, अशा अटींसह. मार खाल्लेल्या माणसाला विचारून बनवलेली वस्तू कशी दिसते, याचा हा चांगला नमुना.

पण सगळे मार खाणारे विचारले गेले का? प्लेव्हिशस नावाचा एक सर्व्हर कृष्णवर्णीय लोक चालवत. वंशद्वेषी छळ सोसून-सोसून तो २०२० मध्ये बंद झाला. मॅस्टोडॉनच्या शांत, सभ्य जगात त्यांच्या तक्रारींना 'इथे असं होत नाही' अशी उत्तरं मिळत. हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. 'आमच्याकडे जातपात कोणी पाळत नाही' हे ज्या सुरात म्हटलं जातं, तोच हा सूर.

शिवाय कोड खुला म्हणजे सगळ्यांनाच खुला. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या गॅब या अतिउजव्या मंचाने मॅस्टोडॉनचाच कोड उचलून आपलं दुकान थाटलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशलने तेच केलं, वर आपण कोड कुठून घेतला हेही लपवलं. परवान्याच्या अटीवर बोट ठेवल्यावर नोव्हेंबरात त्यांनी कोड उघड केला. म्हणजे परवाना काय मागू शकला? कोडची प्रत. वागणुकीबद्दल त्यात अवाक्षर नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतल्या जुन्या मंडळींना ही तिची ताकद वाटते. मला ती अर्धी ताकद आणि अर्धी अडचण वाटते. इतर सर्व्हरांनी गॅबशी जोडणीच तोडून टाकली हे खरं, आणि ते झालं ते परवान्यामुळे नव्हे तर सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांमुळे.

आणि ही सॉफ्टवेअरं लिहितं कोण? २०१७ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने ओपन सोर्समध्ये, म्हणजे खुल्या कोडवर, काम करणाऱ्यांची पाहणी केली. त्यात उत्तर देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष आणि ३ टक्के स्त्रिया निघाल्या. जात त्या पाहणीत विचारलेलीच नव्हती. ओपन सोर्स प्रकल्पांत कसं वागावं याची एक प्रसिद्ध आचारसंहिता आहे, कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट. कोरालाइन एडा एम्की यांनी ती २०१४ मध्ये लिहिली आणि हजारो प्रकल्पांनी स्वीकारली. कोणाशीही भेदभाव नको, अशी जी यादी त्यात आहे तिच्यात वंश होता, धर्म होता, अंगकाठीसुद्धा होती. 'जात' हा शब्द आला २०२१ च्या आवृत्तीत. यूट्यूबने द्वेषाच्या नियमांत जातीचा स्पष्ट उल्लेख जून २०१९ मध्ये केला होता. म्हणजे खुल्या मंडळींना हे कळायला बंद दुकानापेक्षा दोन वर्षं जास्त लागली.

यादीत शब्द येणं वेगळं आणि पोस्ट समोर आल्यावर तो ओळखू येणं वेगळं. मॅस्टोडॉनवर एखादी पोस्ट रिपोर्ट करायला गेलं की आधी कारण विचारलं जातं: मला आवडलं नाही, हा स्पॅम आहे, सर्व्हरचा नियम मोडला आहे, आणखी काही. समजा एका मुलीने आपल्या एमपीएससीच्या निकालाची आनंदाची पोस्ट टाकली आणि खाली कोणी लिहिलं, 'सरकारी जावयांना शुभेच्छा.' पुढे हसरा चेहरा. तिने रिपोर्ट केलं. तक्रार मॉडरेटरच्या पडद्यावर येते: मजकूर, अकाउंट, कारण, आणि शेजारी बटणं, इशारा द्या, पोस्ट काढा, अकाउंटची पोच मर्यादित करा, अकाउंट निलंबित करा. मॉडरेटर बर्लिनचा असेल तर भाषांतर-यंत्रात टाकून पाहील: सरकारचे जावई, शुभेच्छा. दोन्ही शब्द सोवळे. तक्रार बंद. मॉडरेटर मराठी असेल पण त्याच्या घरी हा टोमणा कधी झेललेला नसेल, तर तो म्हणेल, 'चालायचंच, थट्टा आहे.' आणि ती मुलगी पुढच्या वेळी रिपोर्ट करणार नाही. कदाचित निकालही टाकणार नाही.

ही तक्रार ओळखायला शिव्यांची यादी कामाला येत नाही, ती ओळखणारी व्यक्ती लागते. विविधता हा शब्द कंपन्यांच्या पत्रकांतून इतका गुळगुळीत झालाय की ऐकताना कान किटतात. पण मॉडरेशनच्या कामात तो अगदी कोरडा, उपयुक्त शब्द आहे: ज्याला लागलं आहे, त्याला कळतं की हे लागतं.

नावाचंच घ्या. अकाउंट उघडताना खरं नाव मागायचा आग्रह फेसबुकने वर्षानुवर्षं धरला. खोट्या अकाउंटना आळा बसेल, हा हेतू. अमेरिकेत ते शोभत असेल. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे आडनाव, आणि आडनाव कळलं की समोरचा गणित मांडायला लागतो. आडनावाने भागलं नाही तर 'राहता कुठे?' येतंच. नागपुरात इंदोरा म्हटलं की एक, मोमीनपुरा म्हटलं की दुसरं, धरमपेठ म्हटलं की तिसरं. सदर म्हटलं तर माणूस क्षणभर अडखळतो, कारण इथे ऑल सेंट्स कॅथेड्रलही आहे, अंजुमनचं कॉलेजही, सिंधी दुकानदारही आणि घरात मराठी, गल्लीत हिंदी बोलणारे आमच्यासारखेही. मग प्रोफाइलवर गावाचं नाव, जवळची माणसं, 'तुम्ही यांना ओळखत असाल' अशा सूचना, हे सगळं आपापलं काम करतं. टोपणनावाला हरकत घेणारे लोक सहसा तेच असतात ज्यांच्या खऱ्या नावाने त्यांचं काही बिघडत नाही.

खुल्या प्रकल्पांत राबणाऱ्यांनाही हे लागू आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांवरील लेखातल्या मजकुरावरून वाद पेटला. मुख्यमंत्र्यांच्या सूचनेनंतर महाराष्ट्र सायबरने विकिमीडियाला नोटीस पाठवली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. त्या मजकुराबद्दल कोणाचं काहीही मत असो. पण फावल्या वेळात विनामोबदला लेख दुरुस्त करणाऱ्याने आपलं नाव का झाकलेलं असतं, हे त्या आठवड्यात पुष्कळांना कळलं.

मग यंत्राकडून काम होणार नाही का? थोडं होईल. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. भारताच्या २२ मान्यताप्राप्त भाषांपैकी पाचच भाषांसाठी कंपनीने आपली यंत्रणा तयार केल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. अब्जावधींची कंपनी, आणि ही तऱ्हा. उलट पुण्यात एल३क्यूब नावाच्या गटाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून २०२२ मध्ये 'महाहेट' हा मराठी ट्वीटचा संच सगळ्यांसाठी खुला केला: २५ हजारांहून जास्त ट्वीट, प्रत्येकावर माणसाने लावलेली खूण, द्वेष, अपमान, शिवीगाळ किंवा यांपैकी काहीच नाही. त्याच्या आदल्या वर्षी 'मोल्ड' हा सुमारे अडीच हजार ट्वीटचा संच आला होता. ही कामं पगारी फौजेने केलेली नाहीत, म्हणून त्यांचं मोल मला जास्त वाटतं.

पण खूण लावणारा हात कुठला, हा प्रश्न इथेही सुटत नाही. 'काय बे, येतोस का?' हे आमच्याकडे मित्राला दिलेलं आमंत्रण आहे. पुण्याच्या कानाला तो उद्धटपणा वाटू शकतो. उलट, वर सांगितलेला जावयाचा टोमणा 'यांपैकी काहीच नाही' या खणात जाऊन बसण्याची भीती आहे. संच खुला असल्याचा फायदा असा की हे तपासता येतं, खुणा बदलता येतात, वऱ्हाडी, झाडीबोली, अहिराणी वाक्यं त्यात घालता येतात. या पुस्तिकेतला तिसरा लेख तेच कसं करायचं ते सांगतो.

दुसरा धडा 'उली'चा. टॅटल आणि सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थांनी २०२२ मध्ये ब्राउझरला जोडायचं हे छोटं साधन काढलं. लिंगभाव आणि जातीवरून होणारी शिवीगाळ ते पडद्यावर झाकतं. त्यातली शब्दांची यादी छळ झालेल्या स्त्रिया, कार्यकर्त्या, अभ्यासक यांच्यासोबत बसून केली. आधी माणसं बोलावली, मग कोड लिहिला. सुरुवातीच्या भाषा हिंदी, तमिळ आणि भारतीय इंग्रजी; मराठी त्यांत नव्हती. कोणी मुद्दाम वगळली असं नाही. यादी घेऊन मराठीतून कोणी पुढे आलं नाही, एवढंच.

आता एक अवघड गोष्ट. 'युजर सेफ्टी' म्हणताना आपण धरून चालतो की धोका युजरला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा आधी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होती. मेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारे. ज्या ग्रुपवर त्यांच्यासारख्यांचा निकाल लागला, त्या ग्रुपवर ते नव्हते. त्यांच्यापाशी ब्लॉक करायला, रिपोर्ट करायला काही नव्हतं. अनोळखी गावात जाणं हाच ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, त्यांच्यासाठी 'अनोळखी माणसांपासून सावध' हा मेसेज म्हणजे मरणाचा हुकूम ठरला. सॉफ्टवेअर बनवताना वापरणाऱ्यांच्या कल्पित कहाण्या लिहिण्याची पद्धत आहे: अमुक वयाची, अमुक शहरातली, अमुक फोन वापरणारी व्यक्ती. त्या कहाण्यांत भटक्या-विमुक्तांचा माणूस येणारच नाही, कारण तो युजर नाही. तो यायला हवा असेल तर खोलीत कोणीतरी असा हवा ज्याच्या घरात राईनपाड्याची चर्चा बातमी म्हणून नव्हे, आपल्यावरची वेळ म्हणून झाली.

त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जागी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. उपाय साधा, आणि काही प्रमाणात गुणकारी. पण जीबी व्हॉट्सॲपसारख्या बदललेल्या ॲपांनी ती मर्यादा ओलांडायची वाट काढलीच. खुल्या कोडमध्ये तर मर्यादा काढून टाकायला एका ओळीचा बदल पुरतो. म्हणून ॲपमध्ये बसवलेल्या अशा लगामावर फार भिस्त ठेवू नये, असं आमच्यातल्या प्रोग्रामरांचं मत आहे. मॅस्टोडॉनमध्ये वेगळी योजना आहे: एखादा हॅशटॅग किंवा बातमी कितीही उसळली तरी सर्व्हर सांभाळणाऱ्याने मंजुरी दिल्याशिवाय ती 'चर्चेत' या यादीत दिसत नाही. योजना चांगली. पण १७ मार्च २०२५ ची संध्याकाळ आठवून पाहा. नागपूरच्या महाल भागात आंदोलन झालं, त्यात जाळलेल्या चादरीवर धार्मिक मजकूर होता अशी अफवा फोनाफोनी पसरली, दगडफेक, जाळपोळ झाली, नंतर एका माणसाचा इस्पितळात मृत्यू झाला. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. सदर त्यांत नव्हतं. व्हिडिओ मात्र सदरमधल्या प्रत्येक फोनवर होते. त्या संध्याकाळी मंजुरीच्या बटणासमोर कोणीतरी बसलेलं असायला हवं होतं, जागं, मराठी-हिंदी-उर्दू तिन्ही कळणारं, आणि महाल व हंसापुरी या दोन्ही बाजूंची माणसं ज्याच्या ओळखीची आहेत असं.

फोन हातात कसा येतो, हेही पाहायला हवं. रेसिडेन्सी रोडच्या आसपासच्या मोबाइलच्या दुकानात संध्याकाळी अर्धा तास उभं राहा. एखादी बाई मुलाबरोबर येते, नवा फोन घेते. काउंटरवरचा पोरगा सिम टाकतो, तिचा नंबर विचारतो, ओटीपी तिच्याच फोनवर वाचून स्वतःच टाकतो. 'नाव काय टाकू काकू?' ती पूर्ण नाव सांगते. मग पडद्यावर परवानग्या येतात: कॉन्टॅक्ट, लोकेशन, कॅमेरा. पोरगा न वाचता 'हो, हो, हो' दाबत जातो. मागे गिऱ्हाईक ताटकळलेलं आहे. दोन मिनिटांत काकूंचं अकाउंट तयार, फोटो सगळ्यांना दिसणारा, नंबर ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सापडणारा. घरी जाऊन सेटिंग बदलतील? कशाला? सेटिंग असतात हेच कोणी सांगितलेलं नाही. म्हणून 'सोय दिली आहे, वापरणाऱ्याने वापरावी' हे उत्तर आम्हाला पटत नाही. पहिल्या दिवशी जे आपोआप चालू असतं, तेच बहुतेकांचं कायमचं असतं. दुकानातल्या त्या मुलाने लिहिलेला लेख या पुस्तिकेतला सगळ्यांत छोटा आहे. त्याने फक्त कोणता पडदा कोणत्या क्रमाने यावा ते लिहिलंय. मी तो आधी वाचायची शिफारस करीन.

राहता राहिला सांभाळणाऱ्यांचा प्रश्न. 'आपला मराठी सर्व्हर काढू या' हे चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत ठरतं. नंतर कळतं की २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमायला सांगितलंय, तक्रारीची पोच २४ तासांत, आणि कोणाचं खासगी, नग्न छायाचित्र पडलं तर ते काढायलाही त्या मूळ नियमांत २४ तासांचीच मुदत होती. मोठ्या कंपन्यांसाठीचे जास्तीचे नियम ५० लाख युजरांपुढे लागतात, पण हे प्राथमिक ओझं दोनशे माणसांच्या सर्व्हरवरही आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. सर्व्हर चालवणारा दिवसा मिहानमध्ये नोकरी करतो, रात्री दहानंतर तक्रारी बघतो. रोज रात्री दुसऱ्यांना दिलेल्या शिव्या वाचायच्या, बलात्काराच्या धमक्या वाचायच्या, तेही फुकट. सहा महिन्यांत माणूस थकून जातो. आणि ज्या समाजाला शिव्या सर्वाधिक पडतात, त्याच समाजाच्या मॉडरेटरकडे त्या तक्रारी 'तुला यातलं जास्त कळतं' म्हणून ढकलल्या जातात. विविधतेच्या नावाखाली हे होऊ शकतं, हा धोका आमच्या परिचारिका मैत्रिणीने पहिल्यांदा बोलून दाखवला. वॉर्डातही असंच होतं, म्हणाल्या. जी ऐकून घेते तिच्याच पाळ्या वाढतात. त्यांनी पाळ्यांचं वेळापत्रक कसं असावं यावर लिहिलंय. ते कुठल्याही आचारसंहितेपेक्षा कामाचं आहे.

पैशाचं काय? कू हे बंगळुरूचं ॲप भांडवलदारांच्या पैशावर २०२० मध्ये सुरू झालं, मराठीही बोललं, आणि जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. जाताना संस्थापकांनी ते सार्वजनिक हितासाठी खुलं करण्याचा विचार बोलून दाखवला. माझा ओढा दुसऱ्या वाटेकडे आहे. सोशल डॉट कूप हा मॅस्टोडॉन सर्व्हर २०१७ पासून सहकारी पद्धतीने चालतो. सभासद वर्गणी भरतात, नियमांवर मत देतात. भारतातल्या काही मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी 'प्रव' हे मेसेजिंग ॲप बहुराज्य सहकारी संस्थेच्या रूपात चालवायचा घाट घातलाय. साखर, दूध, सूतगिरण्या, पतपेढ्या सहकारात चालवलेल्या महाराष्ट्राला हे सांगायला नको. अर्थात सहकारात कोणाची मुलं संचालक होतात आणि कोण नुसता सभासद राहतो, हेही महाराष्ट्राला सांगायला नको. म्हणून संस्थेच्या पोटनियमांचा जो मसुदा शेवटी जोडला आहे, त्यात मॉडरेटर-मंडळावर सलग दोनच वर्षं राहता येईल आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतील, असं लिहिलं आहे. आणखी कोणत्या जागा राखीव असाव्यात, यावर वकिलांनी पर्याय दिलेत, वाचकांनी भांडावं.

एका बाबतीत आमचंच भांडण मिटलेलं नाही. मराठीतल्या जातिवाचक, लैंगिक आणि धार्मिक शिव्यांची व टोमण्यांची यादी आम्ही केली आहे. उलीने आपली यादी उघड ठेवली. आमच्यातल्या निम्म्यांचं म्हणणं, खुलं काम म्हणजे खुलं. यादी छापा, लोक भर घालतील. उरलेल्यांचं म्हणणं, छापील यादी हातात पडली की ती चुकवून शिवी कशी द्यायची हे शिकायला दुसरं पुस्तक लागणार नाही. आणि त्यातले काही शब्द पुन्हा कागदावर बघायची आमची तयारी नाही. हे शेवटचं वाक्य ज्यांनी उच्चारलं त्यांच्यावर ते शब्द बेतलेले होते, म्हणून या आवृत्तीपुरतं त्यांचं ऐकलं. यादी इथे छापलेली नाही. जे खरोखर एखादा सर्व्हर किंवा मोठा ग्रुप सांभाळतात, त्यांनी मागितली तर ती द्यायची असं ठरलंय. पुढच्या आवृत्तीत काय करायचं, ते तोवर तिचा उपयोग कसा झाला हे पाहून ठरवू.